बोर्डावरचं शेवटचं टोकन

पालघरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आम्ही चौघांनी एक थरारपट केला. त्यात बंद पडलेली शेड होती, एक खून होता आणि कुठेच सापडत नसलेला एक कामगार होता. दिग्दर्शन सातपाटीच्या माझ्या मैत्रिणीचं, टायटल्स माझी. टायटल्सचं काम कुणालाच नको होतं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं असं सगळे समजत होते. मला मात्र तेच हवं होतं.

कारण माझ्या डोक्यात बोर्ड होता. तारापूर एमआयडीसीतल्या ज्या केमिकल कंपनीत बाबा होते, तिच्या गेटाशी एक लाकडी बोर्ड होता, त्यावर नंबर घातलेले खिळे. आत जाताना कामगारानं आपलं पितळी टोकन आपल्या खिळ्याला अडकवायचं, बाहेर पडताना काढून घ्यायचं. काही झालंच, तर आत किती माणसं आहेत ते बोर्डावरून कळतं. मी आठवीत असताना तिथे स्फोट झाला आणि बाबा गेले. मयताला आलेल्या बायकांपैकी कुणीतरी म्हणालं होतं, बोर्डावर एकच टोकन राहिलं होतं. त्या दिवसातलं बाकी बरंच मी विसरले, हे वाक्य काही गेलं नाही.

टायटल्समध्ये मी तेच केलं. एकेक हात येतो, टोकन अडकवतो आणि शेजारी एकेक नाव उमटतं. मग भोंगा वाजतो, टोकनं भराभर निघतात, एक राहतं. त्याच्याखाली फिल्मचं नाव. फिल्म मैत्रिणीची होती, पण तेवढं एक मिनिट दहा सेकंद मी बाबांसाठी ठेवलं होतं. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

पहिला खेळ कॉलेजात झाला. नंतर आम्ही फॉर्म वाटले: भीती कुठे वाटली, कंटाळा कुठे आला, काय काढून टाकावं. शेवटच्या प्रश्नाला निम्म्या वर्गानं टायटल्स असं लिहिलं. एका शहाण्यानं लिहिलं होतं की तेवढ्यात मी वडापाव खाऊन आलो.

"दहा सेकंदांत उरक," मैत्रीण म्हणाली. "ते टोकन काय हाय, तेच लोकांना कळत नाय."

मी इरेला पेटले. म्हटलं, बोईसरला आमच्या कामगार कॉलनीत दाखवू. तिथली माणसं काढ म्हणाली, तर मुकाट्यानं काढेन.

एका रविवारी दुपारी आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये खेळ लावला. आई आली नाही. तिला असलं भीतीचं बघवत नाही. बाकी सगळे कंपन्यांमधले लोक, बायकापोरांसह. पहिलं टोकन अडकलं आणि हॉलमधली कुजबुज थांबली. शेवटचं राहिलं तेव्हा मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "एक अंदर रह गया." मला आनंद झाला. त्या आनंदाची मला अजून लाज वाटते. फॉर्म गोळा केले. टायटल्स काढा असं एकानंही लिहिलं नव्हतं.

एक फॉर्म तेवढा कोरा होता. तो हातात धरून काका बसून राहिले होते. काका जवळच्या पाम गावचे, बाबांच्या बरोबरीनं कंपनीत असलेले. बाबा गेल्यापासून दर रविवारी संध्याकाळी ते आमच्याकडे यायचे. कधी वालाच्या शेंगा आणायचे, कधी सुकट. सिलिंडर बदलून द्यायचे आणि चहा घेऊन जायचे. बोलणं बेताचंच.

हॉल रिकामा झाल्यावर ते म्हणाले, "तेवडं सुरवातीचं काड, बाय."

"का? सगळ्यांना आवडलंय."

"ते टोकन तुज्या बापाचं नाय. माजं हाय."

मग त्यांनी थांबत थांबत सांगितलं. त्यांना सकाळी उशीर व्हायचा. म्हणून त्यांचं टोकन बाबांकडेच असायचं. हजेरी चुकू नये म्हणून बाबा स्वतःच्या टोकनाबरोबर त्यांचंही अडकवायचे आणि काका पंधरा-वीस मिनिटांनी आत शिरायचे. सगळेच एकमेकांसाठी असं करायचे, त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. त्या दिवशी काकांना ताप होता, ते गेलेच नाहीत. दोघांच्या शेड वेगळ्या, त्यामुळे बाबांना ते कळलं नाही. स्फोटानंतर बाबा धडधाकट बाहेर आले होते. स्वतःचं टोकन त्यांनी काढूनही घेतलं होतं. बोर्डावर एकच राहिलं होतं, त्यांनीच सकाळी अडकवलेलं. ते बघून बाबा परत आत गेले.

"मी घरी निजलो व्हतो," काका म्हणाले. "आनी तो मला आत शोदत व्हता."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण इतकी वर्षं हा माणूस आमच्या घरी बसून चहा पितो आणि हे सांगत नाही, याचा मला भयंकर राग आला होता. मी म्हटलं, "टायटल्स राहतील."

त्यांनी कोऱ्या फॉर्मची चौपदरी घडी घातली, खिशात ठेवली आणि चपला शोधून ते निघून गेले.

टायटल्स राहिली. त्या संध्याकाळी काका आले नाहीत, पुढच्या रविवारीही नाहीत. तिसऱ्या रविवारी आईनं तीन कप चहा टाकला आणि मला विचारलं, काका का येईनात. मी सगळं सांगून टाकलं, माझ्या त्या दोन शब्दांच्या जवळपास येऊन थांबले, मग तेही सांगितले.

आईनं गॅस बंद केला. "मला पहिल्यापासून ठाऊक आहे," ती म्हणाली.

"मग त्यांना येऊ कसं दिलंस?"

तिनं चहा तिन्ही कपांत गाळला. मग म्हणाली, "तो दारात दिसला ना, की तेवढ्यापुरतं मला वाटायचं, तुझ्या बाबांना तो सापडला."