राहुकाळात थांबवलेलं अपडेट

आधीच सांगतो, मी भूत-बीत मानत नाही. जुन्या पितळेचा धंदा पंचवीस वर्षं करतोय. समई, घंगाळं, पाणी तापवायचे बंब... टिचकी मारली की भांडं आपलं वय आणि खोटेपण दोन्ही सांगतं, आणि माझा विश्वास तेवढ्यावरच आहे. इथे ग्रुपवर लोक लिहितात, की "पैंजणांचा आवाज आला", "पांढरी साडी दिसली". ते वाचून मी आजवर हसलोच आहे. आता माझ्यावर हसायची पाळी तुमची.

मी तंजावूरचा. राजवाड्याच्या मागच्या बाजूला, जिथे अजून काही घरांत मराठी ऐकू येतं, त्या गल्लीत माझं दुकान आहे. आमच्याकडे मराठी बोलतात सगळे, देवनागरी वाचतात फार थोडे. मी शिकलो ते कोल्हापूर-पुण्याच्या गिऱ्हाइकांना पत्रं लिहिता यावीत म्हणून. चुका झाल्या तर सांभाळून घ्या; घरात आम्ही 'चालवत'ला 'चालवूलाला' म्हणतो, तसलंही मध्ये येईल.

दुकानाच्या माडीवर एक कॉम्प्युटर चोवीस तास चालू असतो. त्यावर माझं स्वतःचं क्लाउड आहे. आपलेच फोटो ठेवायला दुसऱ्याला दरमहा भाडं का द्यायचं, या रागातून मी ते उभं केलं. बंद पडलेल्या एका ऑफिसातून जुनी मशीन घासाघीस करून आणली, व्हिडिओ बघत-बघत सगळं शिकलो. दुकानातल्या मालाचे फोटो त्यावरच, ऑर्डरी त्यावरच.

आणि आई त्यावर.

म्हणजे आईचा आवाज. आई तिरुवैयारूला माझ्या धाकट्या भावाकडे, रघूकडे राहायची. रघू तिथे मुलांना गाणं शिकवतो. दर रविवारी मी जायचो, फोन तिच्यासमोर ठेवायचो आणि ती बोलायची... तिच्या सासूच्या हातची आमटी, जुन्या ओव्या, कुणाच्या लग्नात कोण रुसलं. अशी एकेचाळीस रेकॉर्डिंग. तिचा आवाज जगात दुसरीकडे कुठेही नाही.

चार वर्षांपूर्वी आई गेली. मी त्या दिवशी पापनाशमला माल उचलायला गेलो होतो. सकाळपासून तिच्या छातीत जड वाटत होतं, हे मला नंतर कळलं. दुपारी दोनला ती गेली, मला फोन आला अडीचला. पापनाशम असं कितीसं लांब? सकाळी कळवलं असतं तर मी पोचलो असतो. तेराव्याच्या जेवणानंतर, पानं उचलायच्या आत, मी रघूचा क्लाउडचा पासवर्ड बदलून टाकला. त्याने रेकॉर्डिंग मागितली — एकदा स्वतः, एकदा मामांकडून, दोनदा माझ्या बायकोकडून. माझं उत्तर ठरलेलं. आधी कबूल कर, तू मला मुद्दाम कळवलं नाहीस. मग घे. तो गप्प बसायचा, मी रेकॉर्डिंग द्यायचो नाही. असा सौदा चार वर्षं अडला होता.

आता अपडेटचं सांगतो, कारण चूक तिथेच झाली.

माझं सॉफ्टवेअर तीन व्हर्जन मागे पडलं होतं. नियम असा, की एकेक व्हर्जन चढत जायचं, उडी मारायची नाही. पण तीनदा तेच काम कशाला करायचं? मी सरळ सगळ्यात नव्या व्हर्जनच्या फाइल्स जुन्यावर आणून ठेवल्या. त्यात दोन गोष्टी वाईट होत्या. एक, रेकॉर्डिंगवर मी एन्क्रिप्शनचं कुलूप घातलं होतं. डिस्क कुणी पळवली तरी आवाज ऐकू येऊ नये, अगदी रघूलासुद्धा. म्हणजे सिस्टिम बिघडली तर फाइल्स डोळ्यांसमोर असूनही मुक्या. दुसरी, बॅकअप त्याच डिस्कवर. दुसरी डिस्क विकणारा भाव उतरवेना म्हणून मी त्याच्या दुकानातून तडक उठून आलो होतो.

शुक्रवारची सकाळ. अपडेट चालू असताना कुणाचा फोन मध्येच काही चढवू नये म्हणून मी मशीनची नेटवर्कची केबलच काढून ठेवली. मेंटेनन्स मोड लावला, म्हणजे काम संपेपर्यंत क्लाउड कुणालाच उघडत नाही. काम सुरू झालं, आणि एका ठिकाणी येऊन त्याने विचारलं — आता डेटाबेस बदलतो, पुढे जाऊ? हो की नाही?

तेवढ्यात खाली गिऱ्हाईक आलं. समईचा भाव करून वर आलो तेव्हा माझी बायको सरोजा जिन्यात उभी. म्हणाली, साडेदहा वाजून गेलेत, राहुकाळ लागला.

हे तुम्हाला सांगायला हवं. शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ. आमच्या दुकानात तेव्हा बोलणं चालतं, भावही चालतो, पण 'हो' कुणी म्हणत नाही. गिऱ्हाईक बाकावर बसून राहतं, मी कॉफी मागवतो, आणि सौदा बाराला पुरा होतो. मी मानत नाही, पण गिऱ्हाइकं मानतात, आणि पंचवीस वर्षं पाळलं की ते हाडात जातं. मी तिला म्हटलं, हा काय सौदा आहे का? यंत्र विचारतंय.

"विचारतंय ना?" सरोजा म्हणाली. "मग बाराला सांगा. त्याला काय घाई आहे? तुमच्यासारखं रागावून उठून तर जाणार नाही ते."

ती खाली गेली. कुठलाही शहाणा माणूस अपडेट असं अर्ध्यावर सोडत नाही. मी सोडलं. फाइल्स नव्या, डेटाबेस जुना, आणि पडद्यावर तो प्रश्न लुकलुकत उभा.

माडीवर बसून राहिलो. चैत्रातलं ऊन पांढरं होतं. खाली दारातल्या घंगाळांवर पडायचं आणि तिथून उसळून, खिडकीतून येऊन माडीच्या छतावर पाण्यासारखं हलायचं. पंखा सावकाश फिरत होता. कुठेतरी कुणीतरी ओला कपडा दगडावर आपटत होतं, बराच वेळ, एकाच लयीत. मला झोप लागली नव्हती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. फक्त सगळं लांब गेल्यासारखं झालं होतं... दुकान, रस्ता, माझे हातसुद्धा. गेल्या चार वर्षांत मी इतका स्वस्थ कधी बसलो नव्हतो.

फोन वाजला. रघू.

तो मला फोन करत नाही. काही असलं तर त्याची बायको सरोजाला करते. मी उचलला.

"अण्णा," तो म्हणाला. "उघडलंस. फार बरं केलंस."

काय उघडलं, विचारलं. तो सांगायला लागला... की ते ॲप त्याच्या फोनमध्ये अजून आहे. दर शुक्रवारी पूजा झाली की तो एकदा ते दाबून बघतो. चार वर्षं ते 'पासवर्ड चुकीचा' म्हणतं आणि तो फोन ठेवून देतो. आज ते उघडलं. आत एकच फाइल आहे, आणि ती चालू आहे.

माझं डोकं भडकलं. कुणी दिला पासवर्ड, सरोजाने का, असं मी ओरडणार होतो. पण त्याच्या मागे मला ती ऐकू आली.

आई होती. नक्कल नाही, तिच्यासारखी कुणी नाही... आई. तांदूळ निवडत होती. सुपात दाणे सरकल्याचा तो आवाज, आणि मधूनमधून तिचा तो दम खाऊन घेतलेला श्वास. झोपाळ्याची कडी कुरकुरत होती. रघूने आवाज वाढवला असावा, कारण ती एकदम जवळून ऐकू आली. एकेचाळीस रेकॉर्डिंग मला श्वासासकट पाठ आहेत. हे त्यातलं नव्हतं.

मग रेकॉर्डिंगमध्ये रघूचाच आवाज आला, जरा लांबून. "आई, अण्णाला फोन करूं का? छातीत जड वाटतंय म्हणतेस तें सांगतों."

सुपातला आवाज थांबला.

"नको रे," आई म्हणाली. "पापनाशमला गेलाय तो. गाडी चालवूलाला असेल. ऐकलं की वेगानं येईल. सावकाश येऊं दे."

मग परत तांदूळ. मग काहीच नाही.

रघू "हॅलो, हॅलो" करत होता. मी फोन ठेवला आणि माडीवरच्या मशीनकडे पाहिलं. केबल टेबलावर पडलेली. पडद्यावर तो प्रश्न तसाच. ही मशीन त्या वेळी कुणाच्याच फोनला काही ऐकवू शकत नव्हती, मलासुद्धा नाही.

गाडी काढली आणि निघालो. तिरुवैयारूच्या वाटेवर एकामागून एक नद्या लागतात. वडवार, वेण्णार... प्रत्येक पुलावर हवा बदलते, उन्हातून गारव्यात आणि पुन्हा उन्हात. पात्रं कोरडी होती. तरी प्रत्येक पुलावर मला पाण्याचा वास आला. त्या रस्त्याने मी चार वर्षांत गेलो नव्हतो. एरवी रागात मी किती वेगाने जातो, पण त्या दिवशी सायकलवालेही मला मागे टाकून जात होते.

रघू ओट्यावर फोन हातात धरून बसला होता. केस बरेच पिकलेत त्याचे. त्याने फोन पुढे केला. ॲप पासवर्ड मागत होतं. माझ्यासमोर तीनदा दाबलं, तीनदा चुकीचा. म्हणाला, तुझा फोन बंद झाला तेव्हा हेही बंद झालं.

मी म्हटलं, चल. तो चप्पल घालून मागे बसला.

माडीवर पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. मी 'हो' दाबलं, आणि व्हायचं तेच झालं. लाल अक्षरं... एवढ्या जुन्या व्हर्जनवरून थेट इथे येता येत नाही. मशीनवरच क्लाउडचं पान उघडून पाहिलं, तेही उघडेना. रघू मागे स्टुलावर बसला होता. हा गाणं शिकवणारा माणूस, त्याला यातलं काही कळत नाही, पण माझ्या पाठीकडे बघूनच त्याला कळलं असावं. त्याने विचारलं, गेली का?

नव्या फाइल्स काढल्या. जुन्या परत ठेवल्या. नशीब एवढंच, की डेटाबेसला अजून हात लागला नव्हता. मग केबल लावली आणि सांगितलेल्या पद्धतीने एकेक व्हर्जन चढलो. दुसऱ्या पायरीला एक जुनं ॲप आडवं आलं, ते बंद केलं. तिसऱ्या पायरीला ते इतका वेळ अडलं की सरोजा खालून दोनदा कॉफी देऊन गेली आणि दोन्ही कप तसेच राहिले. शेवटी मेंटेनन्स मोड निघाला. मी पहिली फाइल लावली. आई आमटीत चिंच किती घालायची ते सांगायला लागली.

रघूने तोंडावर उपरणं धरलं.

एकेचाळीस फाइल्स मोजल्या. बेचाळिसावी नाही. कचरापेटीत नाही, डिस्कवर नाही. लॉग काढले — साडेदहा ते बारा एकही नोंद नाही, कारण दारच बंद होतं. रघूच्या फोनमध्ये शोधलं, तिथेही काही नाही. ज्या दिवशी आई गेली त्या दिवशी घरात कुणी काही रेकॉर्ड केलं नव्हतं. तुमच्यातले काहीजण म्हणतील, हल्ली मशीन कुणाचाही आवाज काढते. काढत असेल. पण रघूला साधा फोटो पाठवायला शेजाऱ्याला बोलवावं लागतं.

सगळी रेकॉर्डिंग कुलूप काढून मी त्याच्यासाठी पेनड्राइव्हवर उतरवायला घेतली. काही कबूल करून न घेता. पंचवीस वर्षांत मी मोबदल्याशिवाय दिलेली ही पहिलीच वस्तू असेल. फाइल्स उतरत होत्या तेव्हा मी त्याला म्हटलं, त्या दिवशी तू तिला विचारलं होतंस, तिनेच नको म्हटलं होतं. हे चार वर्षांत एकदा तरी सांगायचंस ना मला? मी तुला किती बोललो.

त्या क्षणी त्याने नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. रेकॉर्डिंग त्याच्या हातात येत होती, माझा राग उतरला होता. सगळा सौदा त्याच्या बाजूने झाला होता. धंद्यात अशा वेळी कुणी तोंड उघडत नाही.

"अण्णा, मी विचारलंच नव्हतं," तो म्हणाला. "आवाज माझाच होता तो, मी ओळखला. पण असं बोलणं आमच्यात झालंच नाही. तिला जड वाटत होतं, आणि मी आत मुलांची शिकवणी घेत बसलो. तुला फोन करावा हे मला सुचलंच नाही. बाहेर आलो तेव्हा सूप तिच्या मांडीवर तसंच होतं."

म्हणजे ते बोलणं कधी झालं नव्हतं. पण आम्ही दोघांनी ते ऐकलं. मी इथे, त्याने तिथे. शब्द न् शब्द आम्ही नंतर जुळवून पाहिले, सारखे निघाले.

मी अजून अधूनमधून लॉग उघडून बघतो. जाणत्या लोकांना विचारलं. एकाने कॅश म्हटलं, म्हणजे फोनमध्ये उरलेली जुनी प्रत, एकाने दुसऱ्या कुणाचा सर्व्हर, एक नुसता हसला.

आणि त्याहून अवघड एक गोष्ट मला सुटत नाही. 'मी कळवलं नाही' हे वाक्य चार वर्षं मी त्याच्याकडून वसूल करायला बसलो होतो. ते मिळाल्यावर काय काय बोलायचं, तेही ठरवून ठेवलं होतं. त्या दुपारी माडीवर, आईचा आवाज कानात ताजा असताना, ते त्याने आपणहून माझ्या हातात ठेवलं... आणि मी शोधलं तरी मला राग सापडला नाही. अजून सापडलेला नाही.