काशीबाईंनी होडी सोडली नाही

पुण्याहून गाडी सुटली आणि बहिणीचा पुन्हा फोन आला. "सोलापूर जिल्ह्यात वादळी वाऱ्याचा इशारा दिलाय. दौंडला उतर आणि परत ये," ती म्हणाली. मी रत्नागिरीजवळ खाडीकाठच्या गावात राहते. समुद्रावरून आलेल्या वादळाने आमच्या घराची कौलं एकदा शेजारच्या बागेत नेऊन टाकली होती, त्यामुळे तिची काळजी उगीच नव्हती. पण मी नाही म्हटलं. मंगलकडे जायचं कित्येक वर्षं ठरत होतं आणि मोडत होतं. कधी माझ्या शाळेच्या परीक्षा आडव्या यायच्या, कधी तिच्या केळीची तोड. वाऱ्याला भिऊन या वेळीही मोडलं असतं, तर पुन्हा कधी जमलंच नसतं.

मंगल, महानंदा आणि मी कॉलेजात असताना वसतिगृहात एका खोलीत राहायचो. पुढे मंगल लग्न होऊन उजनी धरणाच्या काठी गेली आणि शेतीत रमली. महानंदा अक्कलकोटला कापडाचं दुकान चालवते. दोन दिवस मंगलकडे राहायचं आणि मग तिघींनी सोलापुरात भेटायचं, असा बेत होता.

भिगवण मागे पडलं, गाडी पुलावर आली आणि दोन्ही बाजूंना उजनीचं पाणी दिसलं. मे महिना असल्यामुळे धरण बरंच उतरलं होतं. काठाला राखाडी गाळाचा रुंद पट्टा उघडा पडला होता. त्यावर भेगा, भेगांमधून लांबच लांब पाइप, आणि पाइपांच्या टोकाला तराफ्यांवर बसवलेल्या मोटारी. पाणी मागे सरकेल तशी माणसंही पाइप जोडत त्याच्या मागे गेली होती.

जेऊर स्टेशनवर मंगल स्कूटर घेऊन आली होती. उन्हाने रापलेली, केस पांढरे झालेली, पण हसणं तेच. "इशारा ऐकूनबी आलीस की," ती म्हणाली. मी म्हटलं, "तू तर इथे राहतेसच." टाकळवाडीचा, म्हणजे तिच्या गावाचा रस्ता उसातून आणि केळीतून जातो. बाहेर माळ करपलेला असतो आणि एका वळणावर एकदम गारवा लागतो, केळीच्या ओल्या सावलीचा. बागेत घड भरलेले होते. आठवड्याभरात तोड सुरू व्हायची होती.

जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तळलेली चिलापी (उजनीत मिळणारा गोड्या पाण्यातला मासा) होती. आम्ही कोकणातली माणसं गोड्या पाण्यातल्या माशाला नाक मुरडतो. मीही मुरडणार होते, पण मंगलचे यजमान दत्ताभावजी समोरच बसले होते. पहिला तुकडा त्यांच्या भिडेखातर खाल्ला, दुसरा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून हवा चमत्कारिक होती. ऊन होतं, पण पांढुरकं. पान हलत नव्हतं. म्हशी दावणीला स्वस्थ उभ्या राहत नव्हत्या. मंगलच्या मोबाइलवर हवामानाचा नवा इशारा आला होता: दुपारनंतर मेघगर्जनेसह सोसाट्याचा वारा. असे संदेश मे महिन्यात रोजच येतात आणि बहुतेक वेळा काहीच होत नाही. त्यामुळे गावात कुणी मनावर घेतलं नव्हतं.

जेवणं आटोपत होती तेव्हा महानंदाचा फोन आला. मागे कसला तरी धडधड आवाज येत होता.

"शैला, हितं गाळी भाळ ऐति (वारा फार आहे)," ती म्हणाली. घाई झाली की तिच्या मराठीत कन्नड शिरतं. "दुकानाचं शटर वाकलं बघ. समोरचा निंब मुळासकट आडवा झालाय. सोलापूरकडं सरकायलंय ते. मंगलला सांग, बांधाबांध करा म्हणावं."

अक्कलकोट आमच्यापासून आग्नेयेला खूप लांब. तिथलं वादळ इथपर्यंत येईलच असं नव्हतं. मंगलने सोलापुरातल्या तिच्या दिराला फोन लावला. तिथे अजून शांत होतं. थोड्या वेळाने त्याचाच उलटा फोन आला: धुळीने समोरचं दिसत नाही, वीज गेली. मग मोहोळच्या एका ओळखीच्या खतविक्रेत्याला विचारलं. तिथे आभाळ काळं झालं होतं. मंगलने हे तिन्ही फोन नवऱ्याला सांगितले आणि म्हणाली, "सरळ रेघेत येतंय. आपल्यावरच येतंय."

त्यानंतर ती बसली नाही. केळीच्या कडेच्या ओळींना बांबूचे टेकू लावलेले होते, पण आतल्या ओळी मोकळ्या होत्या. दत्ताभावजी आणि बागेतली माणसं प्लॅस्टिकची पट्टी घेऊन झाडाला झाड बांधू लागली. गोठ्याच्या पत्र्यावर मी आणि मंगलने वाळूची पोती चढवली. म्हशी बाभळीखालून सोडून पक्क्या भिंतीच्या आडोशाला बांधल्या. शेजारचे एक आजोबा कुंपणापाशी उभे राहून बघत होते. "बांधून काय व्हतंय, मंगल? पडायचं ते पडतंच," ते म्हणाले.

"पडू दे की आप्पा," मंगल म्हणाली. "पर न बांधता पडू देणार न्हाय." आणि तिने गाठ आणखी आवळली.

पाण्यातली मोटार राहिली होती. ती गेली असती, तर उरलेली बागही पाण्यावाचून गेली असती. मंगल ट्रॅक्टर घेऊन काठाकडे निघाली आणि मी शेजारी मडगार्डवर बसले. गाळातून ट्रॅक्टर रुतत, उसळत गेला. तराफ्याला दोर बांधून मोटार ओढून काढली तेव्हा आम्ही दोघी गुडघ्यापर्यंत चिखलात होतो आणि माझी एक चप्पल गाळाने कायमची ठेवून घेतली होती.

तिथून जवळच होडीचा धक्का आहे. धक्का कसला, मातीचा भराव. तिथून पलीकडच्या काठाला इंजिनाची होडी जाते. रस्त्याने गेलं तर धरणाला मोठा वळसा पडतो, म्हणून लोक होडी धरतात. होडी भीमातात्या आणि त्यांची बायको काशीबाई यांची. त्या दिवशी तिथे लग्नाचं वऱ्हाड उभं होतं. नवरी, तिची आई, मामा, बायका, कडेवरची पोरं, स्टीलची भांडी, रुखवताचे पुडे. लग्न दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावात होतं आणि हळदीला आजच पोचायचं होतं.

होडीत काशीबाई बसल्या होत्या. ठेंगण्या, काटक, कपाळावर मोठं कुंकू. इंजिन सुरू करायचं लोखंडी हँडल त्यांनी काढून मांडीवर घेतलं होतं आणि वरून पदर टाकला होता.

"तात्या, तुमी सांगा की हिला," मामा म्हणत होते. पांढरा शर्ट, घामाने भिजलेला.

भीमातात्या मऊ माणूस. "अगं, दे की हँडल. मान्सं खोळंबली. पानी बघ, आरशावानी हाय," ते म्हणाले.

पाणी खरंच आरशासारखं होतं. तेच मला भीतिदायक वाटलं. आमच्याकडे समुद्र असा गप्प झाला की म्हातारी माणसं जाळी काढून घेतात.

"सकाळधरनं पाखरू न्हाय पान्यावर," काशीबाई म्हणाल्या. "मी न्हाय देनार. आनि तुमी पन न्हाय जायचं."

"तुमच्या पाखरावर आमचं लगीन थांबवायचं व्हय?" मामांचा आवाज चढला. "आमी काय फुकट न्हाय बसत होडीत."

मंगल पुढे झाली आणि तिने फोनची हकिकत सांगितली: अक्कलकोट, सोलापूर, मोहोळ. मामांना ते पटेना. "मोहोळ कुटं, आपुन कुटं," ते म्हणाले. मग मी म्हटलं, त्यांनी स्वतःच ऐकावं. मी महानंदाला फोन लावून आवाज मोठा केला. फोन लागला नाही. दिराचाही लागला नाही. मोबाइल 'संपर्क होऊ शकत नाही' एवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिला. मामा हसले. वऱ्हाडातल्या दोघातिघांनी पुडे उचलून होडीत ठेवायला सुरुवात केली.

काशीबाई उठून होडीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. "ढकला मला," त्या म्हणाल्या. "ढकला आनि बसा. माज्या होडीत मान्सं मेली असं मी ऐकून घेनार न्हाय." हँडल त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं होतं. मंगल चिखलाच्या पायांनी फळीवर चढली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली. मीही चढले. एका पायात चप्पल नसलेली परगावची बाई काय अडवणार होती कुणास ठाऊक, पण खाली उभं राहवेना.

मामांनी एक पाय फळीवर ठेवला. भीमातात्या मान खाली घालून होते. तेव्हा मागून नवरी पुढे आली. विशीतली मुलगी, हातात हिरवा चुडा. तिने होडीत ठेवलेले पुडे एकेक करून परत काठावर काढले.

"मामा, लगीन उद्या हाय," ती म्हणाली. "आज बुडायची काय घाई हाय? मी बसनार न्हाय."

"हळद?"

"हितं लावा. न्हाई लावली तरी मी तीच हाय की."

नवरीच बसत नाही म्हटल्यावर वऱ्हाड कुणाला घेऊन जाणार? मामा फळीवरून उतरले आणि दुसरी होडी मिळते का बघायला फोन कानाला लावून बाजूला गेले. ते बोलत असतानाच त्यांनी मान वर केली आणि बोलायचे थांबले. आग्नेयेला, केळीच्या पलीकडे, तांबडी भिंत उभी राहिली होती. जमिनीपासून आभाळापर्यंत. तिला आवाज नव्हता अजून.

मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. बायका-पोरं मंगलच्या घराकडे धावली. काशीबाईंनी हँडल कमरेला खोचलं आणि ओरडल्या, "होडी वर घ्या." मंगलने ट्रॅक्टर वळवला, दोर बांधला. भीमातात्या, मामा आणि बाकीचे पुरुष पाण्यात उतरून मागून रेटू लागले. मामांचा पांढरा शर्ट काळा झाला. होडी भरावाच्या आडोशाला आणून घट्ट बांधली आणि आम्ही पळालो. अंगणात पोचलो तेव्हा पहिली झोड बसली. तोंडात, डोळ्यांत माती. दार लावायला चार जण लागले.

स्लॅबचं घर होतं म्हणून आत आम्ही सगळे मावलो. बाहेर पत्र्यांचा आवाज, मग बाभळ मोडल्याचा, मग एकसारखा एकच हुंकार, ज्यात काही वेगळं ऐकू येईना. गारा दारावर मुठीने मारल्यासारख्या वाजत होत्या. मंगल खिडकीला लागून उभी होती. फटीतून बाग दिसत होती. ओळीच्या ओळी वाकत होत्या, उठत होत्या, आणि मग काही उठत नव्हत्या. दत्ताभावजी तिच्या मागे उभे होते. "मोजू नको," ते म्हणाले. तरी ती बघत राहिली. रडली नाही. खिडकी सोडली नाही.

वारा गेला तसा मागे पाऊस उरला, तोही थांबला. दार उघडून बाहेर आलो. उघड्यावरची कडेची ओळ टेकूसकट झोपली होती. आतल्या, पट्टीने एकमेकांना बांधलेल्या ओळींतली बरीच झाडं कललेली पण उभी होती. काशीबाईंच्या झोपडीचे पत्रे उसात जाऊन पडले होते. होडी जागेवर होती. पाणी तांबडं झालं होतं आणि अजून उसळत होतं, त्याच्यावर आमच्या डोळ्यांदेखत कुणाचा तरी मोटारीचा तराफा उलटा होऊन वाहत गेला. मामा तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.

त्या संध्याकाळी मंगलच्या ओसरीवर हळद झाली. पाट्यावर वाटलेली, घरातलीच. गाणी म्हणायला काशीबाई पुढे होत्या. जेवताना मामांनी भाकरीचा तुकडा मोडत, त्यांच्याकडे न बघता विचारलं, "मावशी, उद्या सकाळी सोडताल का?"

"पानी बघून सांगते," काशीबाई म्हणाल्या.

सकाळी त्यांनी पाणी बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि हँडल भीमातात्यांच्या हातात दिलं. वऱ्हाड गेलं. नवरीने पलीकडून हात हलवला तो फक्त हिरवा ठिपका दिसला. तोपर्यंत मंगल बागेत उतरली होती आणि कललेल्या झाडांना नवे टेकू देत होती. कुंपणापलीकडे आप्पा बांबू सोलत बसले होते, तिच्यासाठी.

सोलापुरात आम्ही तिघी भेटू शकलो नाही. मंगलला बाग सोडून येणं शक्य नव्हतं. मी एकटी अक्कलकोटला गेले, महानंदाच्या वाकलेल्या शटरखालून वाकून दुकानात शिरले आणि आम्ही दोघींनी मंगलला फोन लावला. या वेळी लागला. ती धापा टाकत बोलत होती, म्हणजे कामात होती.

घरी परतल्यावर लोक वादळाचं विचारतात. किती जोराचं होतं, किती नुकसान झालं. मी सांगते. पण वाऱ्याशी कुणी भांडलं, असं मला तिथे दिसलं नाही. वाऱ्याशी भांडता येत नाही, हे कोकणातल्या आणि उजनीकाठच्या माणसांना सारखंच माहीत आहे. भांडण झालं ते त्याच्या आधी, पांढुरक्या उन्हात, शांत पाण्यावर, जेव्हा आपण म्हणतोय ते खरं आहे हे दाखवायला हातात काहीच नव्हतं. तेव्हा नवऱ्याच्या, पाहुण्यांच्या, सगळ्या गावाच्या विरुद्ध उभं राहायचं, आणि वारा आलाच नसता तर जन्मभर हसं करून घ्यायचं, याची काशीबाईंची तयारी होती. वारा आला म्हणून त्या खऱ्या ठरल्या, असं लोक म्हणतील. माझ्या मते वारा आला नसता तरी त्या खऱ्याच होत्या.