लाट कुणाची

माजिवड्याच्या आमच्या कारखान्यात विजेची लाट पडद्यावर दाखवणारा नवा डिजिटल ऑसिलोस्कोप आला, तेव्हापासून टेस्टिंगचा म्हातारा मेकॅनिक त्याच्यापुढे चपला काढूनच बसायचा. बटण दाबताना म्हणायचा, ‘ऊठ गं बाय.’ मी डिग्रीवाला, हसायचो.

एकदा मी त्याच्या प्रोबची सुई हातात घेऊन पॉवर सप्लायची कार्डं तपासली, तर प्रत्येकात तीच वेडीवाकडी लाट. सगळा माल नापास करून मी मॅनेजरना बोलावणं धाडलं. म्हातारा कानाशी लागला, ‘साहेब, प्रोब कार्डाला टेकलाच नाय. टोक तुमच्या बोटात हाय. लाट तुमच्या अंगातून येते.’

टोक कार्डाला टेकवलं. सरळ रेघ.

तेवढ्यात मॅनेजर आले. म्हाताऱ्याने प्रोब हिसकावून टोकाला स्वतःचं बोट लावलं. ‘माल चांगला हाय, साहेब. माझंच बोट लागलेलं.’

त्याला यथेच्छ झापून मॅनेजर गेले. मी ओशाळून काही बोलणार, तर हा पडद्याकडे बघत म्हणाला, ‘माझी लाट तुमच्याहून उंच आली. बघितलीत ना?’