संपर्कासाठी नंबर

विजयालक्ष्मी हिर्लेकर दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. एका सरकारी खात्यात भाषांतरकार होती. नवऱ्याला, उल्हासला, सोडून ती फरिदाबादहून निघून आली होती. त्याच्या मारामुळे तिचा डावा कान कायमचा गेला होता. घटस्फोटाची केस रखडली होती. आपला नवा पत्ता त्याला कळू नये, एवढंच ती जपायची.

मग छातीत गाठ लागली. मी तिच्याबरोबर हॉस्पिटलात गेले. काउंटरवरच्या मुलीने तिच्या सरकारी आरोग्य कार्डाचा नंबर टाकला आणि फॉर्म आपोआप भरला गेला. नाव, वय, रक्तगट. पतीचं नाव उल्हास. संपर्काचा मोबाइलही त्याचाच. लग्नानंतर कार्ड काढताना त्यानेच दिलेला.

"यह नंबर हटा दीजिए," विजया म्हणाली.

मुलीने करून पाहिलं. "नहीं होता, मॅम. पीछे के रिकॉर्ड से आता है. आपके ऑफिस से बदलेगा."

ऑफिसात गेलो. तिथल्या बाबूने कॉम्प्युटर बघून सांगितलं, नंबर बदलायचा तर ओटीपी जुन्या नंबरवरच जाईल. नाहीतर अर्ज वर पाठवावा लागेल, त्याला महिने लागतात.

"गाठ थांबेल का तोवर?" जिन्यात तिने मला विचारलं.

तिने फाइलीच्या कव्हरवर माझा नंबर मोठ्या अक्षरात लिहिला आणि बायोप्सी करून घेतली. पण कव्हर कोण वाचतं!

रिपोर्टच्या दिवशी आम्ही पोचलो, तेव्हा उल्हास हॉलमध्ये बसलेला होता. तो उठून तिच्या डाव्या बाजूला येऊन बसला, काहीतरी हळू बोलला. तिला ऐकू आलं नाही. मग तो मोठ्याने म्हणाला, "कॅन्सर आहे, विजू. मला मेसेज आलाय. घरी चल." सगळा हॉल वळून बघू लागला.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, सिस्टरला बोलावलं. सिस्टर म्हणाली, "रिकॉर्ड में तो हसबैंड ही हैं." ऑपरेशनच्या कागदांवर त्याने सही केली. साताऱ्याहून तिच्या भावाचा फोन आला, "आजारपणात आपलं माणूस हवं, ताई." माझ्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. "माझ्याकडे ये," असं म्हणायचा धीर मला झाला नाही.

ऑपरेशननंतर तो तिला फरिदाबादला घेऊन गेला. तिने केस मागे घेतली. फोन केला की तोच उचलायचा, "झोपलीये."

दिवाळीच्या आधी मी तिकडे गेले. दार तिनेच उघडलं. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, मनगटं काडीसारखी.

"अगं केतकी," ती म्हणाली आणि उंबऱ्यातच थांबली.

आतून त्याचा आवाज आला, "कोण आहे?"

"आधीच्या शेजारी," ती म्हणाली.

मी फराळाचा डबा तिच्या हातात दिला. तिने तो घेतला, "बरी आहेस ना?" असं मलाच विचारलं आणि दार लावून घेतलं.