कलाबाईच्या रोटाचा वाटेकरी

खानदेशापासून दूर, नवागामातल्या त्या दुमजली घरात नवा ट्रस्टी आला, की आधी त्याला कलाबाईच्या हवाली करत. घर म्हणजे यंत्रमागावर आयुष्य घालवून म्हातारे झालेल्या, मागेपुढे कुणी नसलेल्या खानदेशी माणसांचा आसरा. कलाबाईही ट्रस्टीच, पण बैठकीला खुर्ची सोडून चटईवर बसायची. नव्या माणसाला नियम वाचून दाखवायचं काम अध्यक्ष लोटूआण्णांचं. कलाबाईचं म्हणणं, ते ऐकून झोप येते, अक्कल येत नाही.

तिची रीत वेगळी. श्रावणात खानदेशच्या कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट व्हायचे, त्यासाठी घरातल्या माणसांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू घेतात. इथल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या नावाने ती गहू घ्यायची, आणि नव्या ट्रस्टीने त्यात आपल्या हाताने मूठ टाकायची. रोट भाऊबंदांनीच खायचा, परक्याला तुकडाही द्यायचा नाही, हा कुळाचार. म्हणजे मूठ टाकली, की तो या म्हाताऱ्यांचा भाऊबंद झाला. त्यांचं दुखलंखुपलं त्याचं, आणि कुणी गेलं तर सुतकही त्याचंच. हे ऐकून एकदोन बडे शेठ चहा पिऊन जे गेले ते गेलेच. कलाबाईला त्याचं काडीचं दुःख नव्हतं.

यंदा महेश आला. मूळचा परभणीकडचा, जवळच्या उधन्यात मागांच्या मोटारी दुरुस्त करणारा. त्याच्या घरी कानबाई नाही, म्हणून लोटूआण्णा कुरकुरले. कलाबाईने त्यांना नजरेनेच गप्प केलं आणि पोराला मूठ टाकायला लावली. फक्त घाईगर्दीत एक सांगायचं राहून गेलं, परक्याला रोट द्यायचा नाही, ते.

फाटकाबाहेरच्या ओट्यावर बनमाली बसलेला असायचा. ओडिशाचा, या म्हाताऱ्यांच्या शेजारच्याच मागावर उभा राहून ठार बहिरा झालेला. कारखान्याच्या शेडमध्ये झोपायचा, आणि ती शेड आता पाडणार होते. त्याला घरात घ्यावं, असं बैठकीत निघालं होतं, पण खानदेशी नाही म्हणून नियमात बसेना. कलाबाईही तेव्हा काही बोलली नाही. रोज त्याला उरलंसुरलं जेवण मिळायचं. रोटाच्या दिवशी मात्र फाटक बंद.

तरी तो त्या दिवशीही येऊन बसला होता. आत पंगत बसली. वाढायचा मान नव्या ट्रस्टीचा. महेश रोट, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी वाढत टोकाला गेला, ताट भरलं आणि सरळ फाटक उघडून बाहेर. त्याला वाटलं, पंगत तिथवर आहे. कुणी हाक मारेपर्यंत बनमालीने घास तोंडात घातला होता.

म्हाताऱ्यांचे हात ताटातच राहिले. काहीतरी भलतंच घडलं हे महेशला कळलं. बिचारा खिरीचं पातेलं धरून उभा.

कलाबाई उठली. रागावली होती, खोटं कशाला सांगा. तरातरा फाटकाशी गेली. बनमालीने रोट दोन्ही हातांत धरला होता आणि डोळे मिटून, देवळात प्रसाद घ्यावा तसा तो खात होता. कलाबाई जागीच थांबली. जन्मभर तिने देवीपुढे मुठी मोजल्या, पण आपली माणसं देवी स्वतःच बोलावून घेत असेल, हे कधी तिच्या मनात आलं नव्हतं. तिचे हात जोडले गेले. कुणापुढे, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मागून लोटूआण्णा म्हणाले, याच्या नावाची मूठच नव्हती.

"मूठ नसू दे. रोट पोटात गेला ना?" कलाबाई वळून म्हणाली. "आते हाऊ आपला शे, आण्णा. आपल्या माणसाला बाहेर कसं ठेवाल?"

आण्णा आपल्याच नियमात अडकले. परक्याने रोट खाल्ला असं म्हणावं तर कुळाचार मोडला, आणि परका नाही म्हणावं तर घर उघडायला हवं. पातेलं खाली ठेवून महेशने गुपचूप पंगतीत एक पाट वाढवला.

बनमालीला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. ओट्यावरच जेवून त्याने ताट बाहेरच्या नळाखाली धुतलं, फाटकातून आत ठेवलं आणि नेहमीसारखा निघाला. कलाबाईने त्याचा दंड धरला, ताट पुन्हा त्याच्या हातात दिलं आणि त्याला आतल्या फळीपाशी नेलं. तिथे घरातल्या सगळ्यांची ताटं उभी होती. बनमालीने आपलं ताट त्यांच्या शेजारी लावलं, आणि आता जायचं कुठे ते न कळून तिथेच उभा राहिला. मागे महेशने फाटक लावून घेतलं. या वेळी बनमाली आत होता.