घोरणाऱ्याची बायको

पित्ताशयातले खडे काढायचं ठरलं होतं. ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मला विचारलं, "झोपेत घोरता का?"

"मी नाही, हे घोरतात." मी शेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. सव्वीस वर्षं हेच सांगत आलेय. दादरची खोली सोडून आम्ही भाईंदर पश्चिमेला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात भिंतीपलीकडच्या गुजराती शेजारणीने मला जिन्यात गाठलं. रात को ये आवाज किसकी आती है? मागून येणारे हे पटकन म्हणाले, "मेरी है भाभी, माफ करना." झालं, तेव्हापासून मी घोरणाऱ्याची बायको. नणंदेकडे मुक्कामाला गेलो की मी आधीच सगळ्यांची माफी मागून ठेवायची. वर यांना टोमणे मारायची ते वेगळंच.

डॉक्टरांचे प्रश्न संपेनात. सकाळी उठल्यावर डोकं दुखतं? दुखतं. दिवसा डोळा लागतो? लागतो की. घोडबंदरहून बसने येताना दोनदा माझा स्टॉप निघून गेला. मेथी निवडता निवडता जुडी हातात तशीच राहते. ब्लडप्रेशरच्या गोळ्या एकाच्या दोन झाल्यात. पण हे सगळं वयाचं, आणि थोडं यांचं. नवरा रात्रभर घोरतो, बायकोची झोप होणार कुठून?

"म्हणजे त्यांच्या घोरण्याने तुम्हाला जाग येते?"

मी हो म्हणायला गेले आणि आठवून पाहिलं. जाग कधी आलीच नव्हती. यांचं घोरणं मी एकदाही ऐकलेलं नव्हतं. माझी झोपच गाढ, असं मी धरून चालले होते.

मी यांच्याकडे बघितलं. हे पंख्याकडे बघत होते.

"काका, खरं काय ते सांगा," डॉक्टर म्हणाले. "मला कळलं नाही आणि मी यांना भूल दिली, तर जिवावर बेतू शकतं."

"ही घोरते," हे म्हणाले. "बाईमाणूस घोरतं म्हटलं की लोक हसतात. म्हणून मी माझ्यावर घेतलं. पण मधेच हिचा श्वासच थांबतो. मी खांदा हलवतो, मग सुरू होतो."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्यातला चोर मीच निघाले, आणि मला पत्ताच नव्हता. माझ्याच घशातला आवाज भिंतीपलीकडे ऐकू गेला, नणंदेच्या घरी ऐकू गेला, मला सोडून सगळ्यांना ऐकू गेला.

डॉक्टरांनी समजावलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट बंद होते. रक्तातला ऑक्सिजन उतरला की मेंदू दचकून जागं करतो, अगदी क्षणभर, सकाळी आठवतही नाही. रात्रभर असंच चालतं. याला स्लीप ॲप्निया म्हणतात.

"पण इतकी वर्षं काही झालं नाही ना?" मी म्हटलं.

"होतंय ना. ब्लडप्रेशर वाढतंय, दिवसा झोप येतेय, हृदयावर ताण पडतोय. आणि एरवी मेंदू जागं तरी करतो. भुलीत त्याचं ते जागं करणंच मंदावतं."

ऑपरेशन पुढे ढकललं. झोपेची तपासणी झाली, डॉक्टरांचा संशय खरा निघाला आणि घरी मशीन आलं. नाकावर मास्क लावायचा, नळीतून हवा येत राहते आणि घशाची वाट उघडी राहते. पहिले दोन दिवस मी कुरकुर केली, या वयात हे काय सोंग म्हणून. पुढे ऑपरेशनही नीट झालं, मशीन सोबत नेलं होतं.

पण मला आठवते ती मशीन आल्यानंतरची तिसरी सकाळ. उठले तर डोकं हलकं. हे अजून झोपलेले. दूधवाला बेल वाजवून वाजवून निघून गेला होता. मी यांना हलवून उठवलं.

"अहो, रात्री मी घोरले का? श्वास थांबला का?"

"माहीत नाही," हे डोळे चोळत म्हणाले. "मलाही झोप लागली."

मी तिथेच पलंगावर बसून रडले. खोटं बोलल्याचा राग होता की आणखी काही, ते मला अजून नीट कळलेलं नाही.