समुद्रातला बांद

लेकीच्या बाळंतपणासाठी मी बहरीनला पोचले तेव्हा खोकी बांधून तयार होती आणि लेक पलंगावरून उठत नव्हती. जावयाची बदली समुद्रापलीकडे सौदीत झाली होती. बिऱ्हाड हलवायचं होतं, पण ती निघायला तयार नव्हती.

सर्वण गावाहून तिच्या सासूचा फोन आला होता, पोटुशी बाईने खाडी ओलांडायची नसते म्हणून. लेकीचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं, त्यामुळे मला हे हसण्यावारी नेता येईना. जावई समजावून थकला होता. आणखी उशीर केला तर डॉक्टर प्रवासच बंद करतील, मग मी तिकडे, ही इकडे, असं तो म्हणत होता.

मी विचारलं, जायचं कशाने? बोटीने?

समुद्रात भराव घालून रस्ता केलाय, तो म्हणाला.

"म्हणजे बांद."

"बांदच म्हणा."

माझं माहेर तुयेचं, शापोरा नदीकाठचं. आमची शेतं भरतीच्या पाण्याहून खाली. मातीचा बांद खारं पाणी अडवतो, म्हणून आत भात पिकतं. वडील त्या बांदावरून खेकड्यांची भोकं शोधत फिरायचे. एक भोक नजरेतून सुटलं की बांद फुटलाच. मी लेकीपाशी बसले.

"मी पोटात होते तेव्हा तुझी आजी नवव्या महिन्यात बांदावरून पेज घेऊन जायची. तिने खाडी ओलांडली असं कोणी म्हटलं नाही. बांद म्हणजे जमीन गो बाये. चपला घाल."

तिने घातल्या.

असून असून किती मोठा असेल, असं म्हणत मी गाडीत बसले. दोन्हीकडे दगड, दगडांपलीकडे हिरवं पाणी, आणि बांद आपला पुढे जातोय. मागची जमीन दिसेनाशी झाली, पुढची दिसेना. आमच्याकडे हातभर भगदाड बुजवायला अख्खा वाडा चिखलाच्या पाट्या वाहायचा. इथे कोणी डोंगरच समुद्रात ओतले होते. एवढ्या बांदावर भोकं शोधत कोण फिरत असेल? मीच काचेतून भोकं शोधू लागले.

तेवढ्यात रस्ता वर चढू लागला. दगड संपले, खांब आले. खालून एक होडी गेली. लेकीने माझं मनगट आवळलं.

"आई, खाली पाणी आहे."

होतंच. पण आमच्या बांदालाही पाणी आत-बाहेर करायला दार असतं. त्याला आम्ही मानस म्हणतो.

"मानस ती," मी म्हटलं.

"एवढी मोठी?"

"समुद्र मोठा आहे."

ती हसली, पण पलीकडे जमीन लागेपर्यंत तिने मनगट सोडलं नाही.

संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. लेकीने तो माझ्या हातात दिला. खाडी ओलांडली का, त्यांनी विचारलं. नाही, बांदावरून आलो, मी सांगितलं. त्या शेतकऱ्याघरच्या, बांद म्हटल्यावर त्यांनी एवढंच विचारलं,

"घट्ट होता ना?"

"एक भोक दिसलं नाही."